सासूबाईंचं स्थळ, मुक्काम आमोणे

एखाद्या सुनेने सासूसाठी नवरा शोधायला घेतला, तर गावाने तिला व्यासपीठावर बसवून निदान एक शाल तरी द्यावी. विनिताला शाल मिळाली नाही. मिळालं काय, तर डिचोलीच्या बाजारात ती बांगडे निवडत असताना दोन अनोळखी बायकांनी तिच्याकडे बघून एकमेकींना कोपर मारलं आणि तिसरीने मोठ्याने विचारलं, ‘‘तीच मगे ही?’’ त्या दिवसापासून चांगुलपणावरचा विनिताचा विश्वास जो उडाला तो उडालाच. बांगडे मात्र तिने घेतले, कारण ते ताजे होते.

मूळ गोष्ट एवढीशी होती. विनिता, तिचा नवरा परेश आणि साडेतीन वर्षांची सेजल गोव्यात डिचोलीला फ्लॅटमध्ये राहतात. परेशची आई चंद्रावतीबाई, वय चौसष्ट, आमोण्याच्या घरी एकट्या राहतात. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. विनिताने कॉलेजात मायक्रोबायोलॉजी केलं आहे, आणि जगात जे दिसत नाही तेच जास्त धोक्याचं असतं, हे त्या विषयात तीन वर्षं शिकवतात. त्यामुळे सेजलच्या बाटलीचं झाकण, लिफ्टचं बटण, शेजाऱ्यांचं मांजर आणि आमोण्यातल्या सासूबाई या सगळ्यांवर विनिताची सारखी नजर असते.

त्या नजरेस एका सकाळी आमोण्याहून कोणीतरी पाठवलेला एक फोटो पडला. फोटोत चंद्रावतीबाई माडीच्या उंचीवर शिडीवरून मिरी काढत होत्या आणि कॅमेऱ्याकडे बघून हसत होत्या. परेशला फोटोत आई दिसली आणि मिरी दिसली. विनिताला दिसले शिडीचे पाय. एक पाय चिऱ्यावर होता, दुसरा शेवाळावर. खाली धरायला कोण होतं? फोटो काढणारा. म्हणजे त्याचे दोन्ही हात मोबाइलला.

इथे राहायला या, हे विनिताने आधीच शंभर वेळा सांगून पाहिलं होतं. तुमच्या घरात जनेल उघडलं की दुसऱ्याची भांडी दिसतात, असं म्हणून चंद्रावतीबाईंनी ते तितक्याच वेळा उडवून लावलं होतं. मग विनिताने आमोण्याच्या घरात एक कॅमेरा बसवून घेतला. चार दिवस त्यात सासूबाई येता-जाता दिसल्या, पाचव्या दिवशी फक्त हिरवं दिसायला लागलं. सासूबाईंनी कारल्याचा वेल त्याच्यावर चढवला होता. वेलाला आधार छान मिळाला, असं त्यांनी कौतुकाने परेशला कळवलं.

अशा वेळी विनिताच्या वाचनात रविवारच्या पुरवणीतला तो लेख आला. उतारवयात एकटेपणा शरीराला कसा पोखरतो, आणि हल्ली शहरांतून साठी-सत्तरीची माणसं एकमेकांना भेटतात, कॉफी पितात, जोडीदार निवडतात, असं त्यात फोटोंसकट दिलं होतं. विनिताने तो लेख दोनदा वाचला, सेजलच्या हाती लागू नये म्हणून घडी करून कपाटात ठेवला, आणि रात्री जेवताना परेशला सांगितलं की आपण आईंसाठी कोणीतरी बघू या.

परेश माशाचा काटा काढत होता. त्याने काटा ताटाच्या कडेला ठेवला, थोडा वेळ काट्याकडेच बघितलं, आणि उद्यापासून आपली शिफ्ट बदलल्याचं सांगून तो हात धुवायला उठला. घरातल्या पुरुषाकडून या प्रकल्पाला झालेली मदत ही एवढीच.

शेजारच्या भाग्यलक्ष्मीबाईंकडून मात्र भरपूर झाली. भाग्यलक्ष्मीबाई त्याच मजल्यावर राहतात आणि दार लोटून घेण्यावर त्यांचा विश्वास नाही. सासू इतकी नकोशी झाली का, हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. विनिताने तिथेच रागाने उठून जायला हवं होतं, पण घर तिचं होतं. मग तिने त्यांना लेख दाखवला. भाग्यलक्ष्मीबाईंनी चष्मा लावून फोटो बघितले, त्यातली एक बाई आपल्या मावशीसारखी दिसते म्हणाल्या, आणि सल्ला दिला की आधी देवाला विचार. फ्रीज घेताना आपण विचारलं होतं, पित्ताशय काढताना विचारलं होतं. फ्रीज अजून चालतोय.

विनिता विज्ञानाची पदवीधर. पण पदवी एका जागी आणि देव एका जागी, अशी सोय आपल्याकडे सगळ्यांनीच करून ठेवलेली असते. शिवाय तिला वाटलं, उद्या कोणी बोट दाखवलं तर देवाचा कौल घेतला होता असं सांगता येईल. हा विचार तिला फार हुशारीचा वाटला. सोमवारी सकाळी सेजलला भाग्यलक्ष्मीबाईंकडे सोडून (हात धुऊन भरवा, असं चारदा बजावून) ती नारळ, केळी, फुलं घेऊन स्कूटरने आमोण्याच्या देवळात गेली.

कौल घ्यायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि आपलं म्हणणं त्याच्या कानावर घालायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. विनिताला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की म्हणणं देवाच्या कानावर भक्ताने घालायचं नसतं, जयराम पुजाऱ्याने घालायचं असतं, आणि जयराम ते पुटपुटत नाही. लहानपणापासून ती कुठल्याही देवळात गेली तेव्हा पुजाऱ्याशी बोलायचं काम घरातली मोठी माणसं करत. तिने जयरामला खांबाआड बोलावून, पदर तोंडाशी धरून सगळं सांगितलं. जयरामने गंभीरपणे मान हलवली. विनिताला त्याच्याबद्दल आदर वाटला.

सभामंडपात त्या वेळी बायकांचं भजनी मंडळ सप्ताहाची तालीम करत बसलं होतं. सोळा बायका, एक पेटी. जयरामने पाकळ्या लावल्या, दोन पावलं मागे आला, छाती भरून श्वास घेतला आणि गाऱ्हाणं घातलं.

‘‘बा देवा म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा,’’ बायका सवयीने म्हणाल्या.

‘‘ह्या तुझा लेकरू विनिता, परेशाची बायल, तुझ्या पायाकडे इल्ली आसा म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘हिची सासू चंद्रावती, तिका ह्या वयात नवरो करून दिवचो काय नाय, ता आज सांग म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हा...’’ बायका म्हणाल्या, आणि पेटीवरचा हात पेटीवरच राहिला.

त्या शांततेत उजवी पाकळी पडल्याचा आवाज आला असं विनिता आजही शपथेवर सांगते. पाकळीने वेळच घेतला नाही. इतक्या तातडीने देव कोणाला बोलल्याचं आपल्या आठवणीत नाही, असं जयराम सोळा बायकांकडे वळून म्हणाला.

देवळापासून सासूबाईंचं घर चालत सात मिनिटं, स्कूटरने दोन. विनिताने स्कूटर जवळपास उडवलीच, पण बातमी तिच्या आधी पोचली होती. चंद्रावतीबाई ओसरीतल्या बाकासारख्या दगडी सोप्यावर पाय सोडून अळसांद्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

‘‘देवाक विचारलंस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझा घर वाटेरच होता मगे. माका विचारूक वाट वाकडी करूची लागली नसती.’’

विनिताने शिडीपासून सुरुवात केली, एकटेपणावर आली, लेखातले आकडे सांगितले. सासूबाईंनी दाणे परातीत आणि सालं सुपात टाकायचं काम चालू ठेवलं. सगळे अळसांदे संपल्यावर त्या सूप घेऊन आत गेल्या. जाताना त्यांनी विनिताला चहा विचारला नाही. लग्न होऊन सात वर्षं झाली होती, एवढ्या वर्षांत त्या घरातून विनिता चहाशिवाय कधी निघाली नव्हती.

त्या दिवसापासून सासूबाईंनी तिच्याशी बोलणं सोडलं. भांडल्या असत्या तर विनिताने उत्तर दिलं असतं. उत्तरं तिच्याकडे तयार होती. पण विनिता समोर उभी असतानाही त्या परेशला म्हणायच्या, ‘‘तुझ्या बायलेक सांग, तिची डबी हय रवली.’’ परेश वळून विनिताला सांगायचा, तुझी डबी इथे राहिली. विनिता म्हणायची, ऐकलं मी. परेश आईला सांगायचा, तिने ऐकलं. सेजलला हा खेळ फार आवडला आणि तीही घरी तसंच बोलायला लागली. विनिताला आपली स्वतःची आई नाही, लहानपणीच गेली. आई म्हणून हाक मारायला होती ती ही एकच, आणि तिने ओ देणं बंद केलं होतं. हे मात्र तिने कोणाला सांगितलं नाही, भाग्यलक्ष्मीबाईंनाही नाही. त्यावर त्यांनी काय सल्ला दिला असता कोण जाणे.

आता कौल झाला होता, आणि गावभर झाला होता, तेव्हा स्थळं येणारच. ती आली. विनिताने कोणाला काही कळवलं नव्हतं, तरी आली. एका गृहस्थांना काजूच्या बागेवर राहणारं माणूस हवं होतं आणि पत्नीला तिथे मोकळी हवा मिळेल असं त्यांचं म्हणणं होतं. दुसरे अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्यांच्या आई चौऱ्याऐंशीच्या. मुलगी बघायला आईच आल्या, आणि चंद्रावतीबाईंना भाकरी येते का हे विचारून गेल्या. विनिताला इतका संताप आला की तिने आमोण्याच्या ओसरीत उभं राहून, आमच्या आईंना सगळं येतं, पण तुमच्यासाठी येत नाही, असं स्पष्ट सांगितलं. सासूबाई दाराआड होत्या. त्यांनी ऐकलं असावं.

या सगळ्यावर त्यांनी परेशतर्फे एकच निरोप दिला होता. देवाने कौल दिला, त्याला नाही म्हणणारी मी कोण? येईल त्याला बघीन. ‘‘बघूक देवान सांगला,’’ त्या म्हणाल्या होत्या. ‘‘फुडला माझा मी बघीन.’’ विनिताने यातलं पहिलं वाक्य तेवढं धरलं.

मग पाळी गावाहून महादेवराव आले. मूळचे सावंतवाडीकडचे, चाळीस वर्षांपूर्वी खाणीवर मेकॅनिक म्हणून आले आणि इथलेच झाले. वय अडुसष्ट, बायको जाऊन नऊ वर्षं. त्यांना घेऊन आली होती त्यांची सून मनीषा, आणि तिच्या हातात एक पिशवी होती. विनिताला वाटलं मिठाई असेल. पिशवीत महादेवरावांच्या गोळ्या, त्या कधी घ्यायच्या त्याचा कागद, थर्मास आणि डॉक्टरची फाइल होती. मनीषाने ते सगळं सोप्यावर मांडून समजावून द्यायला सुरुवात केली. ही सकाळची, ही रात्रीची, सुंगटं म्हणजे कोळंबी चालत नाही, दुपारी झोपले की घोरतात पण कूस बदलली की थांबतात.

विनिता ऐकतच राहिली. ही बाई सासरा देत होती की गॅसची शेगडी? चांगल्या चालत्या-बोलत्या माणसाला असं सुनेने उचलून दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायचं, म्हणजे काही लाजलज्जा? हा विचार मनात पुरता होईपर्यंत त्याचं दुसरं टोक स्वतःकडे आलेलं तिच्या लक्षात आलं, आणि तिने घाईघाईने मनीषाला थर्मासबद्दल विचारलं.

मुलामुलीला बोलायला एकांत द्यावा म्हणून दोघी सुनांनी त्यांना परसात पाठवलं होतं. अर्ध्या तासात येतील असा अंदाज होता. दीड तासाने आले. महादेवरावांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोघांचे पाय चिखलाने भरलेले आणि चंद्रावतीबाईंच्या हातात मुळ्यांची जुडी. त्यांच्या विहिरीवरचा पंप महिनाभर खोकत होता, तो महादेवरावांनी खोलून पाहिला होता. आतली रबरी चकती गेलीय, ती आपल्याकडे आहे, गुरुवारी आणून बसवतो, असं ते म्हणाले. मुळ्यांची जुडी सासूबाईंनी मनीषाला दिली. विनिताला दिली नाही.

गुरुवारी चकती बसली. पुढच्या गुरुवारी पंप कसा चालतो ते बघायला महादेवराव आले. त्याच्या पुढच्या गुरुवारी पंप चांगला चालत होता, म्हणून दोघं साखळीच्या बाजारात गेली. महादेवरावांच्या स्कूटरवर मागे चंद्रावतीबाई, डोक्यावर हेल्मेट. चौसष्ट वर्षांत ज्या बाईने डोक्यावर फुलाखेरीज काही घातलं नव्हतं, तिचं हेल्मेट आकाशी रंगाचं होतं. विनिताला हे अकरा जणांनी फोन करून कळवलं. पाचव्या गुरुवारी ती दोघं पेडण्याला दशावतार बघायला गेली आणि तिथे चणे खात पुढच्या रांगेत बसली. सहाव्या गुरुवारी कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही, आणि विनिताला जेवण गेलं नाही.

लग्नाचं मात्र कोणी नाव काढेना. परेशने एकदा धीर करून आईला विचारलं, तर त्या म्हणाल्या, कसलं लग्न? भाग्यलक्ष्मीबाई रोज दारातून विचारत, तारीख कधी? देवाने होय म्हणून दोन महिने झाले, आता देव काय म्हणेल? विनिताचा जीव टांगणीला लागला. लेखात जे कॉफी पीत होते ते जोडीदार निवडण्यासाठी पीत होते. नुसतीच कॉफी पिण्याबद्दल लेखात काही नव्हतं.

तिने मनीषाला फोन केला. मनीषाचीही तक्रार होतीच. सासरे गुरुवारी शीळ घालत घरी येतात, आपला शर्ट आपणच धुतात, आणि शेजारीपाजारी बघत असताना गॅलरीत वाळत घालतात. दोघी सुनांचं पंधरा मिनिटांत एकमत झालं. आपणच कागद करून टाकावेत. एकदा सह्या झाल्या की लोकांची तोंडं बंद. आयुष्यात इतक्या चटकन विनिताची कोणाशी मैत्री झाली नव्हती.

आपल्याकडे लग्न म्हणजे आधी सरकारदरबारी सही, मग मांडव. तेव्हा विनिता नोंदणीच्या कचेरीत गेली. कुठली कचेरी ते इथे सांगत नाही, कारण तिला तिथे अजून सेजलचे कागद करायचे आहेत. तिथल्या कारकुनाने चंद्रावतीबाईंचा जन्माचा उतारा मागितला. तो मिळवायला त्यांच्या माहेरगावी पेडण्याला तीन खेपा झाल्या, कारण सासूबाईंचा जन्म साठ सालचा आणि नोंद पोर्तुगीजमध्ये. ती वाचणारा माणूस रजेवर. तो परत आला तेव्हा त्याने उतारा काढून दिला, आणि त्यात नाव निघालं सुमन.

विनिताला त्यात काही वावगं वाटलं नाही. जुन्या काळी मुलगी सासरी आली की तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचे आणि ती त्या क्षणापासून त्या नावाची व्हायची. माहेरची सुमन आमोण्याला येऊन चंद्रावती झाली. घराघरांत हेच झालेलं आहे. कारकुनाच्या आईचंही झालं असणार. पण त्याने सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला एका हातात धरला, जन्माचा उतारा दुसऱ्या हातात, आणि शांतपणे म्हणाला, ‘‘बाई, चंद्रावतीचा नवरा वारला. सुमनचा नवरा वारल्याचं कुठे आहे?’’

विनिताने विचारलं, सुमनचा नवरा वेगळा कसा असेल?

‘‘ते मला काय माहीत? जिवंतसुद्धा असेल.’’

मग सुमन आणि चंद्रावती ही एकच बाई आहे असं प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं, आणि कोणाची हरकत असल्यास कळावं म्हणून वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची. विनिताने सूचना स्वतः लिहिली, शुद्धलेखन तपासलं, खाली आपला मोबाइल नंबर दिला. वर्तमानपत्राने ती छापली, फक्त जागा चुकली. जाहीर सूचनांच्या ऐवजी ‘वधू पाहिजे-वर पाहिजे’ मध्ये आली. ‘सुमन ऊर्फ चंद्रावती, वय ६४, निवासी आमोणे, विवाहासाठी’ एवढा भाग ठळक अक्षरांत. सकाळी सातपासून विनिताला फोन. सत्तावीस फोन. एकाने तिचा आवाज ऐकून, वयाच्या मानाने तुमचा आवाज फार तरुण आहे, असं म्हटलं. ती आवाज चढवून बोलली, तर त्याने रागही आवडल्याचं सांगितलं.

तरीही विनिता डगमगली नाही. सह्यांचा दिवस दोघी सुनांनी मुद्दाम गुरुवारचा धरला, कारण त्या दिवशी दोघंही एकत्र सापडतात. सासूबाईंना परेशने सांगितलं की नावांचा घोळ निस्तरायला एक सही हवी आहे, आणि महादेवरावांना मनीषाने सांगितलं की साक्षीदार म्हणून यायचं आहे. दोन्ही गोष्टी खोट्या नव्हत्या. पुऱ्या खऱ्याही नव्हत्या, हे विनिताला कचेरीची पायरी चढतानाच टोचायला लागलं होतं, पण तेवढ्यात नंबर लागला.

सुमन आणि चंद्रावती एकच असल्याच्या कागदावर सासूबाईंनी सही केली. सुमन हे नाव किती वर्षांनी बघितलं, असं त्या महादेवरावांना म्हणाल्या, आणि त्या अक्षरांवरून त्यांनी एकदा बोट फिरवलं. मग कारकुनाने दुसरा कागद पुढे सरकवला आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवला. आम्ही दोघे स्वखुशीने विवाह करण्याचा इरादा जाहीर करतो.

महादेवराव सुनेकडे वळले. ते कधी आवाज चढवत नाहीत. तेव्हाही चढवला नाही. ‘‘मनीषा, माका बायल नको गो,’’ ते म्हणाले. ‘‘माका गुरुवार होयो.’’

चंद्रावतीबाईंनी पेन खाली ठेवलं. विनिता त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती, पण त्या कारकुनाशी बोलल्या.

‘‘हिका सांगा, वीस वर्सां मी सुमन होतंय, बापूस सांगी तसा वागलंय. मगे अडतीस वर्सां चंद्रावती. घोव वायट नव्हतो, पण तेच्या घड्याळार चललंय. आता सहा वर्सां सकाळी उठल्यार काय करूचा ता मीच ठरयतंय. ह्या वयात माका माझो दिवस गावलो. तो कोणाक दिवचो नाय, ह्या बऱ्या माणसाक पण नाय.’’

‘‘त्या म्हणतात...’’ कारकुनाने विनिताला सांगायला सुरुवात केली.

‘‘ऐकलं मी,’’ विनिता म्हणाली.

‘‘आणि हिका सांगा, भीती हिका वाटता. ती हिणा आपल्या घरात ठेवची. तिका नवऱ्याचे कपडे घालून माझ्या दारात उभी करू नको म्हणा.’’

कारकुनाने या वेळी टेबलावरची टाचणी सरळ केली.

तीन खेपा पेडण्याला, सत्तावीस फोन, बाजारातली कोपरं, हे सगळं केलं ते कोणासाठी? हे विचारायला तिने तोंड उघडलं आणि उत्तर आताच सांगून झालंय हे कळून मिटलं. इतक्या दिवसांचा साठलेला राग होता, तो आता ठेवायचा कुठे तेच तिला सुचेना. शेवटी तिने एवढंच म्हटलं की आम्ही अर्ज मागे घेतो.

अर्ज असा मागे घेता येत नसतो, कारकून म्हणाला. कारण लिहावं लागतं. त्याने एक फॉर्म काढला. कारणं फॉर्मवरच छापलेली होती: मृत्यू, आजार, मतभेद.

‘‘मतभेद लिहू?’’ त्याने विचारलं.

‘‘आमच्यात खंय मतभेद?’’ चंद्रावतीबाई म्हणाल्या. महादेवरावांनीही मान हलवली. सूर्य कलायच्या आत दोघांना पुढे जायचं होतं.

‘‘मग आजार लिहितो.’’

आणि इथे विनिताचा राग सुटला. तिने फॉर्म त्याच्या हातातून घेतला. मृत्यू चालतो, ती म्हणाली, आजार चालतो, भांडण चालतं, आणि माणूस आहे तसा सुखात आहे हे तेवढं तुमच्या कचेरीला चालत नाही? आमच्या आई कुठल्या कोनातून तुम्हाला आजारी दिसतात? चौसष्टाव्या वर्षी शिडीवर चढून मिरी काढतात त्या. कारण लिहायचं असेल तर खरं लिहा, अर्जदार बाई सुखात आहेत.

तसा रकाना नाही, कारकून म्हणाला.

‘‘मग करा.’’

सुखाचं असं काही लिहिता येत नाही. उद्या ऑडिटमध्ये पुरावा मागतील.

‘‘पुरावा तुमच्यासमोर उभा आहे,’’ विनिता म्हणाली, इतक्या मोठ्याने, की मागच्या रांगेतलं नवं लग्नाचं जोडपं दोन पावलं मागे सरलं आणि मनीषाने तिच्या दंडाला धरलं. ‘‘आम्ही हलणार नाही. मुलीला सांभाळायला दिलंय मी, संध्याकाळपर्यंत वेळ आहे मला.’’

पाऊण तास ते चाललं. शेवटी आतले साहेब चष्मा कपाळावर ढकलत बाहेर आले. त्यांनी फॉर्म बघितला, विनिताकडे बघायचं टाळलं, आणि काखेत आकाशी हेल्मेट घेऊन उभ्या असलेल्या चंद्रावतीबाईंना विचारलं, ‘‘आजी, सुखात आहात?’’

‘‘होय.’’

‘‘लिही रे,’’ साहेब म्हणाले, आणि आत गेले.

कारकुनाने तीनही छापील कारणांवर काट मारली आणि खाली निळ्या शाईने लिहिलं: अर्जदार सुखात असल्यामुळे अर्ज मागे. मग त्यावर शिक्का मारला. विनिताने तारीख तपासली, स्पेलिंग तपासलं, नक्कल मागून घेतली, आणि मगच खुर्ची सोडली.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. मनीषा सासऱ्यांना पाण्याची बाटली देत होती आणि ते ती स्वतः उघडत होते. विनिता फाइल छातीशी धरून एका बाजूला उभी राहिली. सासूबाई हेल्मेटचा पट्टा लावत तिच्याजवळ आल्या. परेश तिथे नव्हता, कारकून आत राहिला होता. मधे कोणीच नव्हतं.

‘‘विनिता,’’ त्या म्हणाल्या, ‘‘हनवटीकडे हो पट्टो घट्ट बसता. सैल कर बघू.’’

विनिताने फाइल काखेत मारली आणि पट्टा सैल केला, पण एकच खाच. त्याहून सैल सुरक्षित नसतो.

‘‘सेजलाक घेवन ये घराकडे. अळसांद्याचा तोणाक करतंय,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘केन्नाय ये. गुरुवार सोडून.’’

‘‘उद्या येते,’’ विनिता म्हणाली. आणखी बरंच विचारायचं होतं तिला: आता कुठे चाललात, रस्ता कसला आहे, किती वाजता परतणार, महादेवरावांनी सकाळची गोळी घेतली का. महादेवरावांनी स्कूटर चालू केली. सासूबाई मागे बसल्या, पदर खोचला आणि समोर बघायला लागल्या. आज गुरुवारच होता. विनिता वाटेतून बाजूला झाली.